‘डबा नसता तर आधीच निघालो असतो’

(मिशनच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाड्यांवरच्या वायरलेसच्या कामाविषयी बोला आणि शक्यतो आनंदाची बातमी सांगा, असे मला सांगण्यात आले होते. आनंदाची बातमी आहे, पण ती शेवटी सांगते. आधी एक कबुली द्यायची आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्या याच त्रैमासिकात माझ्या चार ओळी छापून आल्या. सातही डबे बसले, पाडे जोडले गेले, काम पूर्ण झाले, असे मी लिहिले होते. सोबत फोटोही होता. वसतिगृहाची मुले शिडीभोवती उभी आणि वर निळे आकाश. तो फोटो मार्च महिन्यातला होता हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्या मार्च महिन्यात दडलेली आहे.

ज्यांनी आपला भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आपले वसतिगृह नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या एका खोऱ्यात आहे. तिकडे गाव म्हणजे एका ठिकाणी दाटलेली घरे नव्हेत. प्रत्येक पावरा कुटुंब आपल्या शेतात घर बांधते. एक घर या टेकाडावर, दुसरे ओढ्यापलीकडे. शेवटच्या पाड्यापासून वसतिगृह पायवाटेने सहा किलोमीटर आहे. खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही. रेंज मिळते ती फक्त धारेवरच्या एका मोठ्या दगडावर. लोक त्याला ‘रेंजचा दगड’च म्हणतात. कोणी आजारी पडले की एक माणूस धावत त्या दगडावर चढतो आणि १०८ ला फोन लावतो. पावसात आणि रात्री ते किती कठीण असते हे तुम्हीच समजून घ्या.

म्हणून आम्ही ठरवले की दगडावरची रेंज खाली पाड्यांत आणायची. त्यासाठी टॉवर लागत नाही. घराच्या छपरावर किंवा लोखंडी पाइपवर वायफायचा एक डबा बसवायचा. त्याला सोलर पॅनेल आणि बॅटरी जोडायची. प्रत्येक डबा शेजारच्या डब्याशी बोलतो आणि शेजाऱ्याचे बोलणे पुढच्याला पोहोचवतो. एक वाट बंद पडली तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो. याला मेश, म्हणजे जाळे म्हणतात. ही काही आमची कल्पना नव्हे. स्पेनमधल्या कॅटलोनियात गुइफी नावाचे लोकांचे जाळे २००४ पासून वाढत आहे. आपल्या देशात २००५ साली २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा शक्तीची मर्यादा पाळून विनापरवाना वापरायला मोकळा झाला आणि त्याच वर्षी हिमाचलातल्या धर्मशाळेच्या डोंगरांत असे जाळे उभे राहिले. ५ गीगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेर वापरायला २०१८ मध्ये मोकळा झाला. आम्ही डब्याडब्यांतले बोलणे ५ वर ठेवले आणि लोकांच्या फोनसाठी २.४ वापरला. डब्यात जी मोफत प्रणाली चालते तिचे नाव चक्क ‘बॅटमॅन’ आहे. वसतिगृहातली मुले या कामाला का धावून आली ते तुमच्या लक्षात आले असेल.

पहिला डबा रेंजच्या दगडाजवळ, सिमकार्डसह. दुसरा वसतिगृहावर, तिसरा चॅपेलवर, चौथा शाळेवर. पाचवा डोंगराच्या खांद्यावर, सहावा मधल्या पाड्यातल्या एका घरावर आणि सातवा शेवटच्या पाड्यातल्या बालवाडीवर. वसतिगृहातल्या एका लहान संगणकावर आम्ही घरगुती एक्स्चेंज बसवले. त्यामुळे इंटरनेट बंद असले तरी बालवाडीतला फोन वसतिगृहातल्या सिस्टरांना लागतो आणि सिस्टर पुढे १०८ ला कळवतात. मार्चमध्ये सगळे उत्तम चालले. बालवाडीच्या सेविकेने पहिला फोन केला तेव्हा सिस्टरांचा आवाज ऐकून ती हसत सुटली. आम्ही प्रार्थना केली, फोटो काढला आणि मी त्या चार ओळी लिहिल्या.

जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि आठवड्याभरात पाचव्याच्या पुढचे डबे दिसेनासे झाले. कधी तासभर यायचे, पुन्हा जायचे. मी म्हटले, बॅटरी गेली असेल. दोन मुलांनी नवी बॅटरी डोक्यावर वाहून खांद्यावर नेली. फरक पडला नाही. मग वाटले, पाणी शिरले असेल. डबा उघडला तर आत पाणी नव्हते, मुंग्या होत्या. मुंग्या काढल्या, तरी फरक नाही. मग एका दुपारी चिडून मी केबल बदलली, डब्याचे तोंड फिरवले, चॅनेल बदलला आणि सेटिंगही बदलले. एका दिवसात चार गोष्टी. मूळ बिघाड कशात होता हे तर कळले नाहीच, उलट मी एक नवा बिघाड पेरून आले. त्या डब्याचा चॅनेल माझ्या हातून ‘आपोआप’वर राहिला होता. जाळ्यातले सगळे डबे एकाच चॅनेलवर लागतात. एक जरी आपल्या मनाने दुसऱ्या चॅनेलवर गेला तर तो बाकीच्यांना ऐकूच येत नाही. जुलै असाच गेला. शहरातल्या एका जाणकाराला फोन केला. तो म्हणाला, पावसाळ्यानंतर बघू. मीही म्हटले, पावसाळ्यानंतर बघू.

आणि ऑगस्टमधली ती रात्र आली.

शेवटच्या पाड्यात एका बाईला संध्याकाळी कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण होती आणि रक्त जात होते. आशाताई त्या दिवशी तालुक्याला बैठकीसाठी गेली होती. नवरा रात्री नऊ वाजता बालवाडीत गेला. डब्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता. त्याने फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. दिवा तर हिरवा आहे, मग आत्ता लागेल, असे म्हणून तो दीड तास फोन लावत राहिला. शेवटी चार माणसे गोळा केली, बांबूला चादर बांधून झोळी केली आणि पावसात अंधारात सहा किलोमीटर उतरून ते पहाटेआधी वसतिगृहात पोहोचले. सिस्टरांनी होते नव्हते ते केले. आमच्या जीपने धडगाव आणि तिथून पुढे नंदुरबार. देवाच्या कृपेने आई आणि बाळ दोघेही वाचले, पण आई बरेच दिवस दवाखान्यात होती.

चार दिवसांनी मी दवाखान्यात त्या भावाला भेटले. तो रागावेल अशी माझी अपेक्षा होती. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “ताई, डबा नसता तर मी आधीच निघालो असतो.”

बंधुभगिनींनो, मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली आहे, वीस वर्षे सेवेत आहे, पण या एका वाक्यासारखा उपदेश मी क्वचितच ऐकला आहे. आपण गरिबाला काही दिले नाही तर तो आपल्या पायांवर विसंबून राहतो. आपण अर्धवट दिले आणि ‘पूर्ण दिले’ असे म्हटले, तर तो आपल्यावर विसंबतो आणि त्याचे पायही अडकतात. तो हिरवा दिवा खोटे बोलत नव्हता. तो फक्त इतकेच सांगत होता की या डब्यात वीज आहे. पुढची वाट चालू आहे की नाही हे त्याला ठाऊक नव्हते. आणि त्या दिव्याचा अर्थ काय, हे आम्ही पाड्यात कुणाला सांगितलेच नव्हते.

त्यानंतर आम्ही ‘पावसाळ्यानंतर बघू’ म्हणणे बंद केले. वसतिगृहात शिकून गेलेले तीन तरुण आणि मी एका रविवारी उपासनेनंतर वही घेऊन बसलो. दोन नियम केले. पहिला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत तारखेसह लिहायची. दुसरा, तपास नेहमी खालून वर करायचा. आधी वीज, बॅटरीला मीटर लावून. मग केबल आणि तिची टोके. मग शेजारच्या डब्याचा सिग्नल. मग सगळ्यांचा चॅनेल, नाव आणि परवलीचा शब्द एकच आहे ना. सगळ्यात शेवटी इंटरनेट. लोक नेमके उलटे करतात. इंटरनेट येत नाही म्हणून दगडावर धावतात आणि बिघाड घराच्या छपरावर असतो.

या क्रमाने गेल्यावर एक नव्हे, तीन बिघाड सापडले. म्हणूनच एक दुरुस्त केला तरी काही फरक दिसत नव्हता.

पहिला बिघाड सर्वांत मोठा. चॅपेल ते खांदा हा सिग्नल मार्चमध्ये उणे ६४ होता, वहीत लिहिलेला होता. ऑगस्टमध्ये तो उणे ८४ निघाला. वीसचा फरक म्हणजे शक्ती शंभराव्या हिश्शावर आली. डबा तोच, तोंड त्याच दिशेला, मग सिग्नल गेला कुठे? आम्ही खांद्यावर उभे होतो. त्या तिघांतला सर्वांत लहान मुलगा म्हणाला, “ताई, मार्चमध्ये इथून चॅपेलचा क्रूस दिसत होता. आता दिसतो का?”

दिसत नव्हता. मधे सागाची राई होती. मार्चमध्ये साग निष्पर्ण असतो. पावसाबरोबर त्याला सुपाएवढी पाने येतात, ओली, पाण्याने भरलेली. या लहरी पाण्यात मुरतात. मी उन्हाळ्यात जागा ठरवली आणि पावसाळ्याचे जंगल हिशोबात धरलेच नाही. डोंगरात जन्मलेल्या कुठल्याही मुलाला विचारले असते तर त्याने सांगितले असते. मी विचारले नव्हते. शिवाय नुसते दिसणेही पुरत नाही. लहरींची वाट सुतासारखी बारीक नसते. एक किलोमीटर अंतर असेल तर ५ गीगाहर्ट्झला ती मधोमध सरळ रेषेच्या चहूबाजूंनी सुमारे पावणेचार मीटर फुगलेली असते आणि त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. म्हणजे झाडाच्या शेंड्याला घासून जाणारी वाट ही मोकळी वाट नव्हे.

दुसरा बिघाड विजेचा. एक डबा साधारण सहा वॉट घेतो, म्हणजे दिवसाला १४४ वॉट-तास. आमचे पॅनेल ४० वॉटचे होते. मार्चमध्ये पाच तास चांगले ऊन धरले तर २०० मिळतात, पुरून उरतात. पावसाळी दिवसांत जेमतेम दीड तासाचे ऊन धरले तर हाती येतात ६०. बॅटरी १२ व्होल्ट, १८ अँपिअर-तासाची. ती निम्म्याहून जास्त रिकामी करायची नसते, म्हणजे तिच्यात एका दिवसाचीही शिदोरी नाही. त्यात सहाव्या डब्याच्या बॅटरीवर शेजारपाजारचे फोन चार्ज होत होते. मला कळले तेव्हा राग आला. पण त्या घरच्या आजी म्हणाल्या, “तुमचा डबा आमच्या छपरावर बसतो, दिवसभर ऊन खातो, मग आमच्या फोनला थोडे दिले तर काय बिघडले?” आजींचे म्हणणे खरे होते. ते आम्ही आधीच धरायला हवे होते.

तिसरा बिघाड सांगायला सोपा, कळायला कठीण. आमचे जाळे जाळे नव्हतेच. पाचवा, सहावा, सातवा हे एकामागे एक ओवलेले होते. ती माळ होती. एक मणी निसटला की पुढचे सगळे सुटे. शेवटच्या पाड्याला दुसरी वाटच नव्हती.

दुरुस्ती कशी केली? काही जण म्हणाले, साग तोडा. आम्ही नाही म्हटले. ते जंगल आपले नाही आणि डब्यासाठी झाड तोडायला आम्ही तिथे गेलेलो नाही. पाचवा डबा राईतून काढून वर उघड्या खडकावर, उंच पाइपवर नेला. सगळीकडे १०० वॉटचे पॅनेल आणि मोठी बॅटरी बसवली. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, सुमारे २२ अंश कलते. ज्या घरांवर डबा आहे तिथे फोन चार्ज करायला वेगळे लहान पॅनेल दिले. केबल डब्यात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथून टपकून जाते, आत जात नाही. पाइपला जमिनीत तार पुरून अर्थिंग केले, कारण मे महिन्याच्या वळिवात विजा धारेवरच पडतात. चॅनेल सगळीकडे एकच, पक्का. प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो, म्हणून चित्रपट बघणे बंद ठेवले. बोलणे आणि निरोप आधी.

आणि आठवा डबा. शेवटच्या पाड्याला दुसरी वाट द्यायची तर ओढ्यापलीकडच्या एका टेकाडावर डबा हवा होता. तिथे एका आजोबांचे घर आहे. ते आपल्या मंडळीतले नाहीत, आपल्या जुन्या देवांना मानतात. आम्ही बिचकत गेलो. आजोबांनी एकच प्रश्न विचारला, “माझ्या घरावरून कोणाचे बोलणे जाणार?” मी म्हटले, “सगळ्यांचेच.” ते म्हणाले, “मग बसवा.” आज शेवटच्या पाड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबाचा फोन आजोबांच्या छपरावरून जातो आणि आजोबांच्या सुनेचा फोन आपल्या चॅपेलच्या छपरावरून. आम्ही कोणाला काही अट घातली नाही, घालणारही नाही.

त्या महिन्यांत माझ्या मनात नहेम्या वारंवार येत असे. यरुशलेमेचा तट पडला होता. तो मोठा अधिकारी होता, राजाची पत्रे घेऊन आला होता. पण तट त्याने एकट्याने बांधला नाही. बऱ्याच जणांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला आणि बावन्न दिवसांत तट उभा राहिला. आणखी एक गोष्ट मला पूर्वी दिसली नव्हती. कुणाला काही सांगण्यापूर्वी तो रात्री थोडी माणसे घेऊन बाहेर पडला आणि कुठे कुठे पडझड झाली आहे ते त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले. आधी पडझड पाहणे, मग बोलणे. मी आधी बोलले आणि मग पाहिले.

आता आनंदाची बातमी. गेला संपूर्ण पावसाळा शेवटचा पाडा जोडलेला राहिला. दोनदा खंड पडला. एकदा वानरांनी केबल ओढली. एकदा एका मुलाने बाजारातून आणलेला राउटर हौसेने जोडला आणि तोही फोनना पत्ते वाटू लागला. एका घराला दोन पोस्टमन झाल्यासारखे झाले. दोन्ही वेळा मी तिथे नव्हते. त्या तिघा तरुणांनी वही काढली, खालून वर तपास केला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दुरुस्त केले. मला नंतर कळले. मला वाटते, या कामातली खरी प्रगती तीच आहे.

आणि आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली, जिला पैसे लागत नाहीत. रोज संध्याकाळी सात वाजता बालवाडीतून वसतिगृहात फोन केला जातो. सिस्टरांचा आवाज आला तर ठीक. नाही आला तर बालवाडीच्या दारावर तांबडी पाटी लागते. तिचा अर्थ पाड्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. आज डब्यावर विसंबू नका, पायांनी निघा. हा सातचा फोन कोण करतो? त्या ऑगस्टच्या रात्री झोळी घेऊन उतरलेला तोच भाऊ. आम्ही त्याला सांगितले नव्हते. तो स्वतः म्हणाला, “पाटी मी लावीन.” त्याची मुलगी आता चालते. बाप फोन करतो तेव्हा ती हात पुढे करून फोन मागते.

तुम्हांला विनंती करून थांबते. नवीन डबा द्यायला दाते मिळतात. जुन्या डब्याची बॅटरी बदलायला मिळत नाहीत, कारण तिचा फोटो काढता येत नाही. या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत थकतात. आपल्या मंडळीने, तरुण संघाने, महिला मंडळाने एकेका डब्याची देखभाल आपल्याकडे घ्यावी, दरवर्षी थोडे थोडे बाजूला ठेवावे. बदल्यात मी तुम्हांला एक वचन देते. यापुढे या त्रैमासिकात ‘काम पूर्ण झाले’ असे मी लिहिणार नाही. प्रत्येक अंकात तांबडी पाटी किती दिवस लागली ते लिहीन. तो आकडा वाचा, आणि तो पाहून आमच्यासाठी प्रार्थना करा.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वादित करो. सलाम.